बत्तीस सेकंदांचं रक्त

भगतनानांना कोणी "कसे आहात?" असं विचारलं तर ते "बरा हाय" म्हणत नाहीत. "बत्तीस," म्हणतात आणि पुढे चालू लागतात.

नवा माणूस गोंधळतो. वय म्हणावं, तर नाना साठी ओलांडून गेलेले दिसतातच. दात म्हणावेत, तर त्यांतले पाच-सहा उघड गैरहजर. बत्तीस म्हणजे सेकंद. भगतनानांचं रक्त आमच्या प्रयोगशाळेतल्या नळीत बत्तीस सेकंदांत गोठतं. मे महिन्यात बत्तीस, जानेवारीत बत्तीस, गणपतीत मोदक खाऊनही बत्तीस. आमच्याकडे तुलनेसाठी "नॉर्मल रक्त" असा एक प्रकार लागतो, आणि गेली अनेक वर्षं आमचं नॉर्मल म्हणजे भगतनाना. त्यांच्याइतका विक्षिप्त माणूस मी पाहिलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

पावण्याच्या औद्योगिक पट्ट्यात, एका रंगाच्या कारखान्यामागे आमची छोटी प्रयोगशाळा आहे. तिथे विज्ञान सोडून बाकीचं सगळं मी बघते. रजिस्टरं, फॉर्म, पाण्याचे जार, एसी दुरुस्त करणारा, आणि कोणी काय करायचं राहिलंय याची यादी. याद्या करणं हा माझा स्वभावच आहे. सानपाड्याला घरी फ्रिजवर तीन याद्या लावलेल्या असतात, आणि त्यांतली एक "यादीत घ्यायच्या गोष्टी" अशी असते, असं माझा नवरा लोकांना सांगतो. ते पूर्णपणे खोटं नाही.

आमच्याकडे कोकण किनाऱ्यावरून शेवाळाची पोती येतात. ओहोटीला खडकांवर दिसतं ते तपकिरी, बुळबुळीत शेवाळ. ते धुवायचं, वाळवायचं, दळायचं, उकळायचं, गाळायचं, आणि शेवटी चिमूटभर पांढुरकी पूड हाती लागते. ही पूड म्हणजे साखर. पहिल्या आठवड्यात हे ऐकल्यावर मी बोटाला लावून चाखली. चव अशी, की जुन्या दोरखंडाला मीठ लावून चोखावं. नाना बाजूलाच होते. म्हणाले, "बाय, ही चहात टाकायची साखर नाय. ही लांबच लांब साखर हाय. साखलीला साखली, साखलीला साखली. आनि परत्येक कडीला गंधकाचा काटा."

नाना इथल्याच खाडीकाठच्या गावचे. त्यांच्या बोलण्यात 'ण' आणि 'ळ' नाहीत. या दोन अक्षरांवाचून त्यांचं काही अडलंही नाही. शिक्षण सातवीपर्यंत. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा काचसामान उचलायला लागले, आणि बघता बघता एम.एस्सी. झालेल्या मुलींना शिकवायला लागले.

त्या काटेरी साखरेचा गुण मला पहिल्यांदा नानांनीच दाखवला, आणि तो दिवस मी विसरणार नाही. काढलेलं रक्त लगेच गोठू नये म्हणून नळीत आधीच एक क्षार घातलेला असतो. ते रक्त यंत्रात गरागरा फिरवलं की वर गव्हाळ पिवळं पाणी सुटतं. ते दोन नळ्यांत घ्यायचं, अंगाइतक्या कोमट पाण्यात धरायचं, आणि गोठण्याची क्रिया पुन्हा सुरू करणारं औषध टाकून घड्याळ लावायचं. नाना दोन्ही नळ्या एका हातात धरून हलकेच कलती करत होते. पुढे, मागे. पुढे, मागे. पाळण्यातलं मूल झोपलं का हे बघावं तसे.

"तीस... एकतीस... बग."

पहिल्या नळीतलं पाणी थबकलं. नळी आडवी केली तरी हललं नाही. लापशी होऊन बसलं.

"आता ही. हिच्यात शेवालाचा एक थेंब हाय."

दुसरी नळी वाहतच होती. पन्नास झाले. ऐंशी झाले. दोन मिनिटं झाली. तेच रक्त, तोच माणूस, तीच वेळ, आणि एका थेंबाने त्याला गोठायचंच विसरायला लावलं होतं.

"रगतात एक राखनदार असतो," नाना म्हणाले. "जादा गोठू द्यायचा नाय, हाच त्याचा धंदा. पन तो जरा सुस्त. ही साखर त्याला मिठी मारते आनि उठवून उभा करते."

"पण नाना, शेवाळाच्या अंगात रक्तच नाही. त्याला आपल्या रक्ताचं हे गुपित कळलं कसं?"

नाना माझ्याकडे बघून हसले. "त्याला तुझ्या रगताचा काय परलाय? ओहोटीला ते खडकावर उघडा परतं. वरून ऊन. सुकू नये, लाटेनं तुटू नये म्हनून ते आपल्यापुरता चिकट होऊन बसलाय. आता त्याचा चिकटपना तुझ्या रगताला लागू परला, त्याला ते काय करनार?"

मी डेस्कवर परत आले आणि बराच वेळ एकही यादी केली नाही.

नळी कलती करण्याची ती सवय नानांच्या मनगटात कायमची मुरली आहे. चहाचा ग्लास हाती आला की आधी कलता करून बघतात. डब्यातलं दही कलतं करतात. माझ्या मुलीच्या लग्नात खरवसाची वाटी कलती करून त्यांनी व्याह्यांना सांगितलं, "हा पस्तीस. जरा घाईत उतरवलाय." व्याह्यांना मी अजून नीट समजावू शकलेले नाही.

त्यांची दोन वाक्यं आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहेत. कोणी तावातावाने भांडायला लागलं, कोणी घाईने निर्णय घ्यायला लागलं, की नाना म्हणतात, "गोठू दे जरा." आणि कोणी वाद घातलाच, तर, "आपन कोन सांगनारे? नलीला इचार." आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी, नवऱ्याचं रक्त पातळ ठेवायला ती शेवाळाची पूड चमचाभर मिळेल का, असं माझ्यामार्फत विचारलं होतं. नाना तेव्हा मात्र खवळले. "नलीत चाललं म्हनून पोटात चालतंय व्हय? त्यांना सांग, डॉक्टरकडं जा. नलीतला नलीत."

मंगळवार हा रक्त घेण्याचा दिवस. जवळच्या दवाखान्यातल्या नर्सबाई येतात, नाना बाही वर करतात. पण मंगळवारची तयारी रविवारपासून. रक्त साफ पाहिजे म्हणून रविवार-सोमवार लसूण बंद. आगरी घरात लसणीशिवाय मासळीचं कालवण म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला जनाकाकींच्या सहनशक्तीची कल्पना येईल. जनाकाकी म्हणजे नानांची बायको. नानांची डोकेदुखीची गोळीही बंद. एकदा दाढ सुजून गाल टोमॅटोसारखा झाला होता, तरी त्यांनी मंगळवार दुपारपर्यंत काही घेतलं नाही. आणि रागावणं बंद, कारण रागाने रक्त लवकर गोठतं असा त्यांचा स्वतःचा शोध.

"म्हंजे आमी भांडनार कवा?" जनाकाकींनी मला एकदा विचारलं होतं. "बुधवार ते शनवार. माज्या डोस्क्यात रविवारी आला तर मी तीन दिस धरून बसायचा!"

असा हा पक्का माणूस. त्यामुळे मी एक काम केलं. दर वेळी साध्या रक्ताची वेळ मोजायची, रजिस्टरमध्ये लिहायची, आणि दर वेळी ती बत्तीसच यायची. मग मोजायची कशाला? नवा फॉर्म करताना त्या रकान्यात मी बत्तीस छापूनच टाकलं. सगळ्यांना आवडलं. नानांना तर इतकं, की एक कोरा फॉर्म त्यांनी घरी नेला आणि काचेत घालून देव्हाऱ्याशेजारी लावला.

साठी झाल्यावर नाना रीतसर निवृत्त झाले. आमच्या साहेबांनी त्यांना वर्षावर्षाच्या करारावर ठेवलं. करारावर सही करताना साहेब गमतीने म्हणाले होते, "भगतांचं रक्त आहे तोवर भगत आहेत." सगळे हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य अटीसारखं ऐकलं. त्या दिवसापासून त्यांच्या मनात पक्कं बसलं की इथली आपली जागा रक्तामुळे आहे. रक्त बिघडलं की जागा गेली. आणि ही जागा गेली तर ते कुठे जाणार, हा प्रश्न मला कधी पडला नाही. जमीन शहरात गेलेली, मिठागर बुजलेलं, मुलगा ऐरोलीला फ्लॅटमध्ये. दिवसभर कलती करायला दुसरं काय होतं त्यांच्याकडे?

आता त्या मंगळवारबद्दल.

आमच्याकडे तेजश्री नावाची मुलगी आहे. हुशार, उतावळी, चष्मा कायम डोक्यावर. तिने शेवाळाच्या साखरेतून एक शुद्ध भाग वेगळा केला होता आणि अगदी कणभर मात्रेत तो चालतो का, हे महिनोन्‌महिने बघत होती. नळी कधी चाळीसला गोठायची, कधी एकेचाळीसला. म्हणजे बत्तीसपेक्षा आठ-नऊ सेकंद जास्त. फार काही नाही. एका औषध कंपनीला त्याचा अहवाल जायचा होता, आणि तेजश्री तोंड पाडून फिरत होती.

त्या मंगळवारी ती नळी अठ्ठ्याऐंशी सेकंदांना गोठली.

तेजश्रीने पुन्हा केलं. सत्त्याऐंशी. तिसऱ्यांदा केलं. नव्वद. मग ती जी ओरडली, ती शेजारच्या रंगाच्या कारखान्यात ऐकू गेली असणार. साहेब केबिनमधून धावत आले. मला पेढे मागवायला सांगितलं. मी पेढे, अहवाल, कुरिअर अशी तीन ओळींची यादी केली. चार वाजता कुरिअरवाला येणार होता.

"नाना, बघितलंत? अठ्ठ्याऐंशी!" तेजश्री त्यांच्यापुढे नाचत होती.

"बगितला, पोरी." नानांनी पेढा हातात घेतला. खाल्ला नाही. "गोठू दे जरा."

"आता काय गोठू दे, नाना! नळीनेच सांगितलं ना!"

नानांनी पेढा कागदावर ठेवून दिला. एवढी वर्षं त्यांचंच वाक्य होतं ते.

साडेतीनला मी अहवालाला टाचण्या लावत होते. नाना टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"बाय, आज नुसत्या रगताचा टाइम कोनी घेतला?"

मी फॉर्म पुढे केला. "हा काय. बत्तीस."

"ते तू छापलंस. घेतला कोनी?"

मी फॉर्म उलटून मागे बघितलं.

"चल माज्यासंगती," ते म्हणाले.

पाणी कोमट होतंच. त्यांनी सकाळच्या रक्ताचं उरलेलं पिवळं पाणी नळीत घेतलं. शेवाळ नाही, साखर नाही, काही नाही. घड्याळ माझ्या हातात दिलं आणि नळी कलती करायला लागले.

तीस. एकतीस. बत्तीस.

पाणी वाहत होतं.

चाळीस. नानांचं मनगट शांत होतं. पन्नास. पंचावन्न. नळीत पिवळं पाणी तळ्यासारखं इकडून तिकडे जात होतं. आणि नाना त्याच्याकडे टक लावून बघत होते. चेहऱ्यावर अपराधी भाव असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. ते चकित झाले होते.

"बग, बाय..." ते पुटपुटले. "काय गोली हाय! काय गोली बनवलीय मानसानं! शेवालाचा काम करतेय."

बासष्टला ते गोठलं.

"कसली गोळी, नाना?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. महिनाभरापूर्वी त्यांना जिना चढताना धडधडायला लागलं. मुलाने डॉक्टरकडे नेलं. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात, त्यामुळे आत रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती मेंदूकडे जाऊ शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, न चुकता, कायम.

"आणि तुम्ही मंगळवारी रक्त देत राहिलात?"

"पयले दोन मंगलवार बत्तीसच व्हतो मी," ते घाईने म्हणाले, जणू तीच काळजीची गोष्ट होती. "गुपचूप नली लावून बगितला ना. रविवार-सोमवार गोली घेतली नाय."

"नाना!" मी इतक्या जोरात ओरडले की माझ्या अंगठ्याखाली घड्याळ दाबलं जाऊन बंद पडलं. "गुठळी डोक्यात गेली असती तर?"

"गेली नाय ना."

तिसऱ्या आठवड्यात जनाकाकींनी पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. त्यानंतर रोज त्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभ्या राहायला लागल्या. रविवारीही. सोमवारीही. गोळी पोटात गेली, आणि मंगळवारी नर्सबाई सुई घेऊन आल्या.

"नाय म्हनायला तोंडच उघडंना, बाय. एवढी वर्सा बाही वर केलीय. हात आपसूक वर गेला."

"मग आता का सांगितलंत? चार वाजता अहवाल गेला असता. कोणाला कळलं नसतं."

नानांनी नळी धुवायला घेतली. "पोरीच्या नावावर अठ्ठ्याऐंशी लागले असते ना. उद्या दुसरीकडं केला तर चालीस येतील. मंग तिला लबाड म्हनतील. शेवालानं चालीस केलंय तर चालीस लिव्हायचा. बाकीची गोलीची कमाई."

मी कुरिअरवाल्याला परत पाठवलं. तेजश्रीला सांगणं माझ्या वाट्याला आलं. ती रडली, पण नानांवर चिडली नाही. साहेब चिडले, आणि बरोबर माझ्यावर चिडले.

"बत्तीस कोणी छापलं?"

"मी."

"का?"

"वेळ वाचावा म्हणून."

"किती वाचला?"

"बत्तीस सेकंद," मी म्हणाले.

नानांना साहेबांनी घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. कराराचं नंतर बघू, म्हणाले. नानांनी "नंतर बघू" याचा अर्थ त्यांच्या परीने घेतला. आपला टॉवेल, स्टूलवर ठेवून बसायचा आपला छोटा पाट आणि डब्याची पिशवी घेऊन ते गेले. दारात मी, "नाना, येताय ना?" असं विचारलं. त्यांनी मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही.

मी लगेच नवी पद्धत बसवली. एका माणसाच्या रक्तावर सगळं टांगून ठेवणं हेच मुळात चुकीचं होतं. बाहेर सगळीकडे अनेकांचं रक्त एकत्र करूनच वापरतात. दहा निरोगी माणसं, कसलीही गोळी न घेणारी, राजीखुशीने देणारी. यादी केली. छापील आकड्यांचे सगळे फॉर्म फाडले. कागदावर सगळं उत्तम झालं.

नळीत मात्र काही होईना. आमच्याकडे गोठण्याची वेळ मोजणारं एक यंत्र आहे. पण शेवाळाचं पाणी मुळातच गढूळ, आणि यंत्राला गढूळपणा आणि गोठणं यांतला फरक कळत नाही. तेजश्रीने तोवर मिळालेल्या दोघांच्या रक्तावर हाताने करून बघितलं. तिची एक नळी अडतीस म्हणायची, तीच नळी दुसऱ्यांदा सेहेचाळीस. साहेबांनी स्वतः करून बघितलं. त्यांची तर फुटलीच. अकराव्या दिवशी, शनिवारी, ते माझ्या टेबलाजवळ येऊन टेबलाकडे बघत म्हणाले, "भगतांना बोलवा. रक्त नको म्हणावं. ते आले तर बरं होईल."

संध्याकाळी मी पावणे गावात गेले. चारी बाजूंनी कारखाने आणि मध्ये हे गाव. नानांच्या घराच्या खिडकीतून एका गोदामाची भिंत दिसते. नाना पडवीत बसले होते. देव्हाऱ्याशेजारी नुसता खिळा होता. फॉर्म काढून ठेवला होता.

"कसे आहात, नाना?"

"बरा हाय," ते म्हणाले. मला ते ऐकवेना.

मी साहेबांचा निरोप दिला. नानांनी ऐकून घेतला. "आता माज्याकडं देन्यासारखा काय हाय, बाय? रगात तर गेला."

"डोळा आहे. हात आहे. तुमच्यासारखं कोणालाच जमत नाहीये."

"डोला सगल्यांना हाय. सायबांना माजी कीव आली असंल. कीव नको."

"अवं, तिला पानी तरी इचारा," आतून जनाकाकी आल्या. माझ्यापुढे तांब्या ठेवला आणि खाली बसल्या. "ह्याचा ऐकू नको तू. रगात, रगात! तुला म्हायतीय का, ह्यानं रगात द्यायला का सुरवात केली?"

"जने, गप," नाना म्हणाले.

"का गप? आज शनवार हाय. माजा वार हाय." त्या माझ्याकडे वळल्या. "मी बी तिथंच व्हते. काचा धुवायला. तवा पाच-सा बाया व्हतो आमी. जुने सायेब मंगलवारी रगात घ्यायचे, कोनाचंबी. जी देईल तिला अर्ध्या दिसाची सुटी. माजी आई आजारी. मला सुटी पायजे. म्हनून दर मंगलवारी मीच हात पुढं करायची. तवा मी अशी काडी. घरी जाताना भिंत धरून जायची."

नाना उठून अंगणात गेले. तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"एक मंगलवारी सायेब म्हनाले, तुजा नको. तुला सुटी हाय, तू जा. मला वाटला, सायेब चांगला मानूस हाय. दोन वर्सा मी असंच घरी जायची. मंग नर्सबायनं सांगितला मला. हा जाऊन सायबांना बोलला व्हता, रगात माजा घ्या, सुटी तिला द्या. माज्याशी तवा एक सबूद बोललेला नव्हता." जनाकाकींनी पदराने तोंड पुसलं. "मंग माजी आई गेली. आमचा लगीन झाला. मी काम सोरला. ह्यानं काय रगात द्यायचा सोरला नाय. मी म्हनायची, आता कशाला? तर म्हने, सवय झाली."

मी अंगणाकडे बघितलं. नाना पाठमोरे उभे होते. एवढी वर्षं मी त्या माणसाच्या रक्ताचा हिशेब ठेवत होते, आणि मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी पाणी प्यायले. माझ्याकडे सांत्वनाचे शब्द नसतात, कामं असतात. "काकी, माझ्या यादीत नऊच नावं भरलीत. दहावं मिळत नाहीये. एकाला बीपीची गोळी चालू, एकजण सुईला घाबरतो."

"मला बीपी नाय, शुगर नाय," जनाकाकी म्हणाल्या. "राईएवढी गोली खाल्ली नाय कधी. लिव माजं नाव."

"जनू!" अंगणातून आवाज आला.

"तुमी नली धरायला या मंगलवारी. मी एकली कशी येनार? रिक्शावाले गावात येत नाय."

मंगळवारी दोघं आले. नानांच्या खांद्यावर टॉवेल, हातात पाट. साहेब दारापर्यंत आले, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, आणि पाट स्वतःच्या हाताने स्टूलवर ठेवला. तेजश्रीने पाणी कोमट करून ठेवलं होतं. नाना आत गेले, पाण्यात बोट बुडवून बघितलं आणि म्हणाले, "हे कोमट नाय, हा ताप हाय." ती हसली. मला हायसं वाटलं.

मग नर्सबाईंनी नावं पुकारायला सुरुवात केली. एकेक जण बसत होता, नाना लक्ष ठेवत होते. "मूठ सोर. हात ढिला सोर. भितीकडं बग." ज्या माणसाने इतकी वर्षं स्वतःची सुई बघत बघत टोचून घेतली, तो प्रत्येकाला धीर देत होता.

नववं नाव जनाकाकींचं. त्या ऐटीत खुर्चीवर बसल्या, पदर खोचला, बाही वर केली. नर्सबाईंनी पट्टा आवळला, सुई काढली.

नाना खोलीत नव्हते.

मी दारातून डोकावले. ते व्हरांड्यात, भिंतीकडे तोंड करून उभे होते. दोन्ही हात मागे घट्ट धरलेले.

"झालं, नाना," मी म्हणाले.

ते आत आले. नर्सबाईंनी कापूस ठेवला होता. नानांनी त्यांचं बोट हळूच बाजूला केलं आणि स्वतःचा अंगठा कापसावर ठेवला.

"आवो, मी धरते की," जनाकाकी म्हणाल्या. "ल्हान पोर हाय का मी?"

नानांनी अंगठा आणखी नीट दाबला. भिंतीवर माझ्याच हाताने लिहिलेली सूचना होती: कापूस दोन मिनिटे दाबून धरावा. दोन मिनिटं झाली. तीन झाली. कापूस कोरडा होता. मला दिसत होतं, नर्सबाईंना दिसत होतं, आणि रक्त कधी थांबतं हे त्या खोलीत सगळ्यांत चांगलं ज्याला कळतं, त्याला तर दिसतच असणार. जनाकाकी एकदा नानांच्या अंगठ्याकडे बघत होत्या, एकदा खिडकीकडे. हात त्यांनीही काढला नाही.

यादीत पुढचं, शेवटचं नाव माझं होतं. शेजारची दुसरी खुर्ची ओढली, घड्याळ काढून खिशात टाकलं, आणि बाही वर केली.